मुलीच्या दाव्यावरून परत आलेले ई-फाइल रिटर्न : मुदत कशी सांभाळावी आणि हक्क कसा राखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका घटस्फोटित आईने २०२५ या करवर्षाचे आपले फेडरल रिटर्न १३ एप्रिल २०२६ रोजी ई-फाइल केले आणि १४ एप्रिलला ते ‘रिजेक्टेड’ असा शेरा घेऊन परत आले. नऊ वर्षांच्या मुलीचा सोशल सिक्युरिटी क्रमांक दुसऱ्या कोणाच्या तरी रिटर्नमध्ये डिपेंडंट (अवलंबित) म्हणून आधीच लागलेला आहे, असे कारण दिले आहे. मुलगी बहुतेक रात्री आईकडेच असते. न्यायालयाच्या निकालपत्रात विषम वर्षी आईने आणि सम वर्षी वडिलांनी मुलीचा दावा करावा असे लिहिले आहे. सॉफ्टवेअर दोनच पर्याय दाखवते, मुलीचे नाव काढा किंवा कागदी रिटर्न पाठवा. मुदत आज, १५ एप्रिलला संपते, तेव्हा नाव काढून रिटर्न पाठवून द्यावे का आणि मुलीवरचा हक्क गेला का, असे त्यांनी विचारले आहे.

मुलीचे नाव काढू नका. घाईत केलेली हीच चूक पुढे वर्षभर निस्तरत बसलेले अनेक लोक मी माझ्या व्यवसायात पाहिले आहेत, म्हणून हे आधी सांगतो.

आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याची, ई-फाइल यंत्रणा रिटर्न स्वीकारताना फक्त जुळवाजुळव पाहते. नाव आणि क्रमांक जुळतात का, आकडे आपापल्या जागी आहेत का, आणि हा क्रमांक यंदाच्या स्वीकारलेल्या रिटर्नांत आधी आला आहे का, एवढेच प्रश्न तिला पडतात. आपल्या पडद्यावर दिसलेला आर००००-५०७-०१ हा संकेत यांतल्या शेवटच्या प्रश्नाचा आहे. मुलगी कोणाकडे राहते, निकालपत्रात काय लिहिले आहे, शाळेची फी कोण भरतो, यांतले काहीही त्या यंत्राने पाहिलेले नाही. ज्याचे रिटर्न आधी पोचले त्याचे स्वीकारले गेले आणि आपले नंतर पोचले म्हणून परत आले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून कोणी जागा धरावी, तसा हा प्रकार आहे. तिकीट कोणाकडे आहे हे पाहणारा कंडक्टर अजून आलेलाच नाही.

नाव काढून पाठवल्यास काय होते तेही पाहा. २०२५ साठी १७ वर्षांखालील मुलामागे २,२०० डॉलरपर्यंतचा चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे करात मिळणारी सूट, आहे, तो जातो. त्याहून लक्षात न येणारे नुकसान असे की बरीच सॉफ्टवेअर मुलीचे नाव निघताच आपला दर्जा ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’वरून (मुलासह एकट्याने घर चालवणारी व्यक्ती) ‘सिंगल’वर आणतात, आणि मग प्रमाणित वजावट २३,६२५ डॉलरवरून १५,७५० डॉलरवर येते. शिवाय ‘माझ्यावर कोणी अवलंबित नाही’ असे स्वतःच्या सहीने लिहून दिल्यासारखे होते. पुढे १०४०-एक्स हे दुरुस्तीचे रिटर्न भरून ते सुधारता येते, पण उद्या त्याच मुलीवरून चौकशी लागली तर आपलाच पहिला कागद आपल्या विरुद्ध बोलतो.

आता कामाला लागण्यापूर्वी पाच मिनिटे काढून मुलीचे मूळ सोशल सिक्युरिटी कार्ड हातात घ्या आणि रिटर्नमधला क्रमांक अंकामागून अंक असा मोठ्याने वाचून ताडून पाहा. मागल्या वर्षीच्या रिटर्नवरून ताडू नका, कारण चूक तिथूनच उतरलेली असू शकते. एक अंक चुकून दुसऱ्याच कोणाच्या मुलाचा क्रमांक पडला, तर नावाशी मेळ न बसल्याने बहुधा वेगळा संकेत येतो, पण मी ही तपासणी कधीही टाळत नाही.

मुदतीचा हिशेब आज सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो वाटतो तितका भीतिदायक नाही. आपण १३ तारखेला, म्हणजे मुदतीच्या आत, रिटर्न पाठवले होते. वेळेत पाठवलेले आणि परत आलेले वैयक्तिक रिटर्न दुरुस्त करून पुन्हा ई-फाइल करण्यासाठी मुदतीनंतर पाच दिवसांची सवलत मिळते, म्हणजे यंदा २० एप्रिलपर्यंत ते स्वीकारले गेले तर वेळेत भरले असे धरतात. कागदी रिटर्न पाठवायचे झाल्यास मूळ मुदत किंवा परत आल्याच्या सूचनेपासून दहा दिवस, यांपैकी जे नंतर येईल ते लागू होते. आपल्याला १४ एप्रिलला सूचना आली, म्हणून २४ एप्रिल. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, शनिवार-रविवार त्यांतच मोजले जातात. मात्र ही सवलत रिटर्न भरण्याची आहे, कर भरण्याची नाही. आपल्याकडून कर देणे निघत असेल तर तो आजच आयआरएसच्या ‘डायरेक्ट पे’वरून भरून टाका, म्हणजे व्याज आणि दरमहा अर्ध्या टक्क्याचा दंड सुरू होणार नाही. शंका असेल तर आजच फॉर्म ४८६८ ई-फाइल करावा, असा माझा सल्ला आहे. त्याने रिटर्न भरण्याची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते, आणि पुढे सांगतो ती पायरी पाच दिवसांत पुरी झाली नाही तरी जीव टांगणीला लागत नाही. न्यू जर्सीचे राज्याचे रिटर्न आपण फेडरलला जोडून पाठवले असेल तर तेही अडकलेले असणार, म्हणून त्याची स्थिती स्वतंत्रपणे पाहा.

सॉफ्टवेअरने दाखवलेल्या दोन पर्यायांखेरीज एक तिसरा मार्ग आहे आणि तो तुलनेने नवा आहे. २०२५ च्या फायलिंग हंगामाआधी अशा प्रकरणात नंतर दावा करणाऱ्याला कागदी रिटर्नच पाठवावे लागे. त्या हंगामापासून आयआरएसने नियम बदलला. डिपेंडंट आधीच दुसऱ्या रिटर्नवर लागलेला असला, तरी दुसऱ्या रिटर्नमधल्या मुख्य करदात्याने स्वतःचा वैध आयपी पिन दिला तर ते ई-फाइलने स्वीकारले जाते. आयपी पिन म्हणजे ‘आयडेंटिटी प्रोटेक्शन’साठी आयआरएस देते तो सहा अंकी क्रमांक. ई-फाइलवर सहीऐवजी आपण स्वतः ठरवून टाकतो तो पाच अंकी पिन वेगळा. या दोहोंची गल्लत इतकी होते की फोनवर मी नेहमी आधी ‘किती अंकी?’ असेच विचारतो.

आयपी पिन मिळवण्यासाठी आयआरएसच्या संकेतस्थळावर आपले ऑनलाइन खाते उघडावे लागते. ओळख आयडी.मी या सेवेमार्फत पटवतात, म्हणजे पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो आणि मोबाइलसमोर चेहरा दाखवून. कागदपत्रे आणि नाव नीट जुळले तर हे काम एका बैठकीत होते आणि पिन लगेच पडद्यावर दिसतो. घटस्फोटानंतर आपण माहेरचे आडनाव पुन्हा लावले असेल आणि लायसन्सवर एक, तर सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत दुसरे आडनाव असेल, तर इथेच गाडी अडते. म्हणून हे काम आज रात्रीच करून पाहा, १९ तारखेवर ठेवू नका. ऑनलाइन जमले नाही तर ‘टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटर’मध्ये वेळ ठरवून, ओळखपत्रे घेऊन प्रत्यक्ष जाता येते, पण तिथून पिन टपालाने येतो आणि त्यात काही आठवडे जातात. अशा वेळी ४८६८ भरलेला असणे किती उपयोगी पडते, हे वेगळे सांगायला नको.

पिन मिळाल्यावर तो रिटर्नमध्ये मुख्य करदात्याच्या जागी टाका, मुलीची माहिती होती तशीच ठेवा आणि रिटर्न पुन्हा पाठवा. पिन मुख्य करदात्याचा, म्हणजे आपला, लागतो, मुलीचा नाही. मात्र मुलीच्या नावे आधीच आयपी पिन निघालेला असेल तर तोही द्यावाच लागतो, नाहीतर त्या कारणाने रिटर्न पुन्हा परत येईल.

कागदी रिटर्नचा मार्ग पत्करावा लागला तर तो नीट पत्करावा. पहिल्या पानाच्या वरच्या बाजूला लाल शाईत ‘रिजेक्टेड इलेक्ट्रॉनिक रिटर्न’ हे शब्द इंग्रजीत आणि त्यापुढे परत आल्याची तारीख लिहावी. रिजेक्शनच्या सूचनेची प्रत आणि मुदतीनंतर का पाठवत आहोत याचे दोन-तीन वाक्यांचे स्पष्टीकरण जोडावे, डब्ल्यू-२ (नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारा पगार आणि कराचा दाखला) लावावा आणि शाईने सही करावी. सही राहिली म्हणून परत आलेली कागदी रिटर्ने माझ्याकडे दरवर्षी येतात. टपाल सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवून पावती जपून ठेवावी, कारण मुदतीचा पुरावा म्हणून पोस्टाचा शिक्काच उपयोगी पडतो. मुलगी आपल्याकडे राहते याचे पुरावे मात्र रिटर्नला जोडू नयेत. त्यांची वेळ नंतर येते, आणि आता पाठवलेले कागद तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याच्या हाती असतीलच असे नाही.

पुढचा स्वाभाविक प्रश्न हा की दावा केला कोणी? आयआरएस हे सांगणार नाही. प्रत्येक करदात्याची माहिती कायद्याने गोपनीय आहे आणि फोनवर कितीही विनवले तरी समोरचा माणूस ते नाव उच्चारू शकत नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नका. आपल्यासारख्या प्रकरणात पहिला तर्क मुलीच्या वडिलांकडे जातो आणि बहुधा तो खरा ठरतो, पण त्यामागे दरवेळी डाव असतोच असे नाही. २०२४ हे सम वर्ष होते, म्हणून त्यांनी त्या वर्षी निकालपत्रानुसार मुलीचे नाव लावले असणार. सॉफ्टवेअर नव्या वर्षी मागली सगळी माहिती आपोआप पुढे ओढते, आणि ‘यंदाही हीच माहिती लागू आहे का’ या प्रश्नावर माणूस न वाचता ‘हो’ दाबतो. त्यांचे रिटर्न दुसरा कोणी भरत असेल तर त्यांना स्वतःला याचा पत्ताही नसेल. तेव्हा आपले संबंध आणि न्यायालयाचे आदेश परवानगी देत असतील तर एक साधा, आरोप नसलेला ईमेल पाठवावा, की २०२५ चे वर्ष निकालपत्रानुसार माझे आहे, कृपया आपले रिटर्न तपासून पाहावे. संपर्कावर बंधन असेल तर हे वकिलामार्फत करावे.

वडिलांनी चूक मान्य करून १०४०-एक्स भरले तर उत्तमच, पण त्याची वाट पाहत थांबू नका. त्यांनी दुरुस्ती केली तरी पहिल्यांदा स्वीकारलेली नोंद ई-फाइलच्या दारावरून या हंगामात हटत नाही, आणि आपल्याला आयपी पिन किंवा कागद यांपैकी एक मार्ग घ्यावाच लागतो. ‘त्यांनी अमेंड केले, आता परत पाठवून बघते’ असे म्हणून तीन वेळा रिजेक्शन घेतलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या, तोवर दुरुस्तीचे दिवस संपून गेले होते.

वडिलांनी दावा केलेला नाही असे निश्चित कळले आणि ओळखीतल्या कोणाचाही संबंध दिसत नसेल, तर मुलीचा क्रमांक चोरीला गेल्याची शक्यता धरून फॉर्म १४०३९ भरावा. दावा करणारी व्यक्ती माहीत असेल तर हा फॉर्म भरू नये. तो ओळखचोरीसाठी आहे, घरातल्या वादासाठी नाही.

आता हक्काकडे वळू. इथे माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा एक ठाम गैरसमज असतो. न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिले म्हणजे आयआरएसलाही ते बंधनकारक आहे, असे त्यांना वाटते. आयआरएस आपल्या नियमाने पाहते, आणि तो नियम रात्री मोजतो. वर्षातल्या जास्त रात्री मूल ज्या पालकाकडे असते तो कस्टोडियल पालक, आणि दावा करण्याचा पहिला हक्क त्याचा. रात्री अगदी समसमान निघाल्या तर ज्या पालकाचे समायोजित एकूण उत्पन्न जास्त, तो कस्टोडियल ठरतो. दुसऱ्या पालकाला दावा करायचा असेल तर कस्टोडियल पालकाने फॉर्म ८३३२ वर सही करून तो हक्क सोडून द्यावा लागतो. २००८ नंतरच्या निकालपत्राची पाने या फॉर्मऐवजी चालत नाहीत. आपले निकालपत्र आणि रात्रींची मोजणी या दोन्ही गोष्टी यंदा आपल्याच बाजूने आहेत, म्हणून हा भेद आज आपल्याला नडत नाही. पण पुढल्या वर्षी नडू शकतो.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. घटस्फोटाच्या वेळी वकिलाने समोर ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात आपण फॉर्म ८३३२ वर कधी सही केली होती का, आणि केली असल्यास कोणत्या भागात? पहिला भाग फक्त त्या एका वर्षासाठी असतो. दुसऱ्या भागात पुढची वर्षे सोडली जातात आणि तिथे कोणी ‘सर्व पुढील वर्षे’ असे लिहून घेतले असेल, तर निकालपत्रात विषम-सम काहीही असले तरी आयआरएससमोर वडिलांचा दावा उभा राहतो. तिसऱ्या भागात हा त्याग मागे घेता येतो, पण तो लगेच लागू होत नाही. दुसऱ्या पालकाला आपण ज्या वर्षी कळवले त्याच्या पुढच्या वर्षापासून तो लागू होतो, म्हणजे आज कळवले तर २०२७ पासून. असा कागद निघालाच, तर चाइल्ड टॅक्स क्रेडिट वडिलांकडे जाईल, पण मुलगी आपल्या घरी राहत असल्याने हेड ऑफ हाउसहोल्डचा दर्जा, पाळणाघराच्या खर्चाचा क्रेडिट आणि पात्र असल्यास अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाई असणाऱ्यांना मिळणारी करसवलत) हे आपलेच राहतात. तेव्हा रिटर्न पुन्हा पाठवण्याआधी मुलगी ‘डिपेंडंट नाही, पण दर्जासाठी पात्र मूल’ अशा पद्धतीने दाखवावी लागेल.

रात्री मोजणे म्हणजे अंदाज करणे नव्हे, म्हणून नमुन्यादाखल एक हिशेब दाखवतो. समजा मुलगी एक आड एक शनिवार-रविवार, म्हणजे शुक्रवारची आणि शनिवारची रात्र, वडिलांकडे असते. वर्षाच्या २६ सुट्ट्या धरल्या तर ५२ रात्री झाल्या. दर बुधवारची रात्रही तिकडेच, म्हणजे आणखी ५२. उन्हाळ्यात सलग १४ रात्री वडिलांकडे, पण त्यांत दोन बुधवार आणि एका सुट्टीच्या दोन रात्री आधीच मोजलेल्या आहेत, म्हणून खरी भर दहाचीच. एकूण ११४. उरलेल्या २५१ आपल्या. आता आपण मुलीला घेऊन ३८ दिवस पुण्याला आजी-आजोबांकडे गेला होतात असे धरू. त्या काळात वडिलांच्या वाट्याचे पाच बुधवार आणि तीन सुट्ट्यांच्या सहा रात्री अशा अकरा रात्री आल्या असत्या, पण मूल आपल्या सोबत होते, आणि पालकासोबत बाहेर झोपलेली रात्र त्या पालकाची धरतात. विमानातली रात्रही त्यातच आली. म्हणजे वडिलांच्या १०३ आणि आपल्या २६२. मुलगी एकटीच मावशीसोबत पुण्याला गेली असती, तर नियम वेगळा लागला असता. मूल दोन्ही पालकांपासून दूर असते तेव्हा एरवी ज्याच्याकडे असते त्याची ती रात्र मोजतात, म्हणून त्या अकरा रात्री वडिलांच्याच खात्यात गेल्या असत्या. आपल्या प्रकरणात या फरकाने निकाल बदलत नाही, पण ज्यांची वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी आहे त्यांच्यासाठी भारतवारीतल्या याच रात्री पारडे फिरवतात. बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के अशा वेळी सोन्यासारखे जपावेत. ३१ डिसेंबरची रात्र ज्या वर्षी सुरू झाली त्या वर्षात मोजतात. रात्रपाळी करणाऱ्या पालकांसाठी रात्रींऐवजी दिवस मोजण्याची सोय आहे.

हा हिशेब एका साध्या कॅलेंडरवर रंगीत पेनाने आजच करून ठेवा, कारण पुढे लागणारे कागद त्याच्याभोवतीच उभे राहतात. आयआरएस डिपेंडंटच्या चौकशीत फॉर्म ८८६-एच-डीईपी ही यादी पाठवते. नात्याला जन्मदाखला पुरतो. राहण्याच्या पुराव्यात मात्र लोक चुकतात. शाळेचे पत्र लेटरहेडवर असावे आणि त्यात मुलीचे नाव, आपले नाव, आपला पत्ता आणि तारखा या चारही गोष्टी याव्यात. करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि शाळेचे वर्ष सप्टेंबर ते जून, त्यामुळे एका वर्षाचे पत्र आणल्यास करवर्षाचा अर्धाच भाग झाकला जातो. २०२४-२५ आणि २०२५-२६ अशी दोन्ही वर्षांची पत्रे आणा. शाळेच्या कार्यालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी भेटत नाही, म्हणून हे काम मे महिन्यातच उरका. बालरोगतज्ज्ञाकडील नोंदी आणि लीजवर मुलीचे नाव असल्यास त्याची प्रत, हे सर्व एका फोल्डरमध्ये ठेवा. आजीने मुलीला सांभाळले याचे आजीचेच पत्र एकट्याने फारसे वजन धरत नाही, कारण नातेवाइकाच्या पत्राला दुसऱ्या कागदाचा आधार लागतो.

आपले रिटर्न स्वीकारले गेले की पुढे काय होते, तेही सांगून ठेवतो, नाहीतर पत्र आल्यावर घाबरायला होते. परतावा देय असेल तर तो सहसा नेहमीसारखाच येतो. काही महिन्यांनी दोघांनाही सीपी८७ए नावाचे पत्र जाते. ते काहीही नाकारत नाही आणि पैसेही मागत नाही. या मुलाचा दावा दोन रिटर्नांवर आहे, आपला चुकला असेल तर १०४०-एक्स भरा, बरोबर असेल तर काही करू नका, एवढेच त्यात असते. आपला दावा बरोबर असल्याने आपण काही पाठवायचे नाही, पण पत्र जपून ठेवायचे. दोघांनीही दुरुस्ती केली नाही तर आयआरएस एकाची किंवा दोघांची टपालाने चौकशी लावते आणि कागद मागते. कंडक्टर येतो तो इथे. त्या पत्रावर दिलेली तारीख, सहसा तीस दिवसांची, चुकवू नका, कारण खरा हक्क असूनही हरलेली जी प्रकरणे मी पाहिली, त्यांतली बहुतेक कागद नसल्याने नव्हे तर उत्तरच न दिल्याने हरलेली आहेत. ज्याचा दावा पडतो त्याला क्रेडिट व्याजासह परत करावा लागतो, दंडही लागू शकतो, आणि दावा बेपर्वाईने केल्याचे ठरले तर दोन वर्षे, फसवणूक ठरली तर दहा वर्षे त्या क्रेडिटचे दार बंद होते.

थोडे विषयाला लागून. ‘डिपेंडंट’ या शब्दावरून येणारे प्रत्येक रिजेक्शन वादाचे नसते. कॉलेजात शिकणारा मुलगा उन्हाळ्यात नोकरी करतो, फुकटच्या सॉफ्टवेअरवर स्वतःच रिटर्न भरतो आणि ‘मला दुसरे कोणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकते’ ही चौकट रिकामी सोडतो. मग त्याच्या आई-वडिलांचे रिटर्न परत येते आणि घरात आरडाओरडा होतो. तिथे मुलाने १०४०-एक्स भरून त्या चौकटीत खूण करावी आणि पालकांनी आयपी पिन घेऊन पाठवून पाहावे, तरीही परत आले तर कागदी पाठवावे. दुसरा प्रकार नावाचा. आर००००-५०४-०२ हा संकेत आला तर कोणी दावा केलेला नसतो. डिपेंडंटच्या आडनावाची पहिली चार अक्षरे सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मराठी नावांत वडिलांचे नाव मधे येते, त्याने हा अडथळा येत नाही, कारण मधले नाव ताडले जात नाही. आडनावाच्या स्पेलिंगने मात्र येतो. कुलकर्णी शेवटी आय लावून लिहा की डबल ई लावून, पहिली चार अक्षरे तीच राहतात. पण चौधरीमध्ये सीएचनंतर एयू, ओयू की ओडब्ल्यू, यावर चौथ्या अक्षरापर्यंत सगळे फिरते. वडिलांच्या पासपोर्टवर एक आणि इस्पितळात भरलेल्या जन्माच्या अर्जावर दुसरे स्पेलिंग, हे मी दरवर्षी पाहतो. तेव्हा कार्डावर जसे आहे तसेच टाकावे, मग ते चुकीचे का वाटेना, आणि कार्डाची दुरुस्ती नंतर सावकाश करावी.

पुन्हा आपल्याकडे. २०२६ हे सम वर्ष आहे, म्हणजे पुढच्या वेळी निकालपत्रानुसार पाळी वडिलांची. रात्री आपल्याकडे जास्त आहेत म्हणून आयआरएस कदाचित आपलाच दावा मान्य करील, पण कौटुंबिक न्यायालय निकालपत्राचा भंग म्हणून आपल्याला बोलावू शकते आणि तिथे ‘आयआरएसने मान्य केले’ हे उत्तर चालत नाही. त्या वर्षासाठी फॉर्म ८३३२ चा फक्त पहिला भाग, फक्त २०२६ असे लिहून, सही करून द्यावा. दुसऱ्या भागाला हात लावू नये, कोणी ‘दरवर्षीचा त्रास वाचेल’ म्हणाले तरी.

आणि मुलीच्या नावाने आयपी पिन काढून ठेवा. तो दरवर्षी नवा मिळतो, आणि एकदा निघाला की तो पिन दिल्याशिवाय तिचा क्रमांक कोणाच्याही ई-फाइल रिटर्नवर डिपेंडंट म्हणून जात नाही. यंदा जे घडले ते विषम वर्षी पुन्हा घडण्याचा रस्ता त्याने बंद होतो. फक्त सम वर्षी ८३३२ सोबत त्या वर्षाचा पिनही वडिलांना वेळेवर कळवायला विसरू नका, नाहीतर त्या एप्रिलमध्ये परत आलेले रिटर्न हातात घेऊन बसण्याची पाळी त्यांच्यावर येईल.